पिल्लाची आई

ऊसतोडणी चालू असताना गजाबा डुंबऱ्यांना सरीत बिबट्याचं पिल्लू दिसलं. त्यांनी हौसेनं फोटो काढून फेसबुकवर टाकला, वर शेताचा पत्ताही लिहिला.

वनरक्षक सुलभा मेमाणे पोचली तेव्हा बांधावर तीनशे माणसं जमली होती. सेल्फीसाठी ढकलाढकली चालली होती आणि पिल्लू पाचटात अंग चोरून बसलं होतं.

"ताई, माझंच चुकलं," गजाबा कळवळून म्हणाले. "आता कुणी ऐकंना."

सुलभानं दोनदा हात जोडून विनवलं, पण कुणी हललं नाही. मग ती ट्रॅक्टरवर चढली आणि शांतपणे म्हणाली, "बघा हवं तेवढं. फक्त पिल्लू इथं आहे म्हणजे त्याची आईपण याच उसात असणार, एवढं ध्यानात ठेवा."

तेवढ्यात वाऱ्यानं ऊस सळसळला. दोन मिनिटांत बांधावर नुसत्या चपला उरल्या.

दिवेलागणीला दोघांनी लांब उभ्या जीपमधून पाहिलं. मादी आली, तिनं पिल्लाला मानगुटीला धरून उचललं आणि उसात दिसेनाशी झाली. गजाबांचे डोळे भरून आले.

"हे मात्र मी कुणालाच सांगणार नाही," ते म्हणाले, आणि घरी जाऊन चप्पल काढायच्या आत बायकोला सांगून मोकळे झाले.