खिडकीजवळची खुर्ची

डोकं तापलं की न विचारता उठायचं, खिडकीजवळच्या डुगडुगत्या खुर्चीत बसायचं आणि निवलं की परत यायचं. बसलेल्याला कुणी काही विचारायचं नाही, असा नियम बाईंनीच वर्गाला घालून दिला होता. आज शेवटच्या तासापर्यंत त्यांचा घसा बसला होता, पायांचे तुकडे पडले होते आणि मागच्या बाकांवरचा बाजार काही केल्या मोडत नव्हता. तेवढ्यात टेबलावर एका पोराची बाटली कलंडली आणि जागून तपासलेल्या पेपरांवर पाणीच पाणी झालं. बाईंचा हात त्याच्यावर उगारला गेला. "बाई, तुम्ही बसा." खुर्चीत मघापासून फुगून बसलेली भांडकुदळ पोरगी उठून उभी राहिली. "माझं डोकं अजून तापलंय, पण मी उभ्यानं निववते." बाईंचा हात खाली आला. त्या जाऊन खुर्चीत बसल्या. पोरांनी ओले पेपर बाकांवर पसरले. कुणी काही विचारलं नाही.