एबी बापाची ओ मुलगी

"दादाचा रक्तगट एबी. मग करिष्माचा ओ कसा?" प्रियदर्शनीने जेवता जेवता विचारलं, आणि विचारल्यावर तिचाच चेहरा उतरला.

चौदा एप्रिलच्या जयंतीचं रक्तदान शिबिर नुकतंच उरकलं होतं. करिष्माला यंदा अठरा पूर्ण झाली होती. तिने पहिल्यांदाच रक्त दिलं होतं आणि मिळालेलं, गट लिहिलेलं कार्ड ती आत्याला कौतुकाने दाखवत होती.

"का? काय बिघडलं?" रूपालीने भाकरी वाढत विचारलं.

"काय न्हाय, वहिनी."

"सांग की."

प्रियदर्शनी बेळगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. थातूरमातूर उत्तर देणं तिला जमलं नाही. "ओ व्हायला आई आणि बाप, दोघांकडूनही ओच यावा लागतो. एबी माणसाकडं तो नसतो. तो पोराला एक तर ए देतो, न्हायतर बी."

तिच्या आईने, गंगव्वाने, बिड्या वळून तिला आणि दादाला शिकवलं होतं. म्हातारीला ए-बी काही कळलं नाही, पण लेकीचा चेहरा कळला. तिने सुनेकडे पाहिलं.

रूपालीने नवऱ्याकडे पाहिलं. बुद्धप्रिय भात चिवडत राहिला. त्याने मान वर केली नाही, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

बुद्धप्रिय वकील म्हणजे निपाणीतलं मानाचं नाव. शिबिर त्याच्या वडिलांनी सुरू केलेलं. दरवर्षी तो रक्ताला जात नसते यावर तळमळीने बोलायचा, सत्याप्पा या बालमित्राला सोबत घेऊन सगळ्यांत आधी पडद्याआड जायचा आणि हात दुमडून बाहेर यायचा. लोक टाळ्या वाजवायचे. एबी रक्त सहसा मिळत नाही, म्हणून गल्लीत त्याला कौतुकाने एबी वकील म्हणायचे.

आता गंगव्वा सुनेच्या हातचा चहा घेईना. बायका रूपालीला बघून बोलणं थांबवू लागल्या. करिष्मा आरशापुढे उभी राहून आपलं नाक निरखायची. रूपालीने काहीही केलेलं नव्हतं, तरी तिला लाज वाटत होती, आणि त्या लाजेचीच तिला जास्त चीड येत होती. तिने नवऱ्याला दोनदा विचारलं, "तुमचा माझ्यावर भरवसा हाय का न्हाय?" दोन्ही वेळा तो चपला घालून बाहेर निघून गेला.

एका संध्याकाळी त्याने सगळ्यांना बसवलं. "झालं ते झालं. पोरगी माझीच हाय. मी रूपालीला माफ केलंय. आता ह्यावर कुणी चकार शब्द काढायचा न्हाय."

गंगव्वाने पदराने डोळे पुसले. "लई मोठं मन रं तुझं."

प्रियदर्शनीलाही आपल्या भावाचा अभिमान वाटला.

"मला माफी नको," रूपाली म्हणाली. "तपासणी पायजे. तिघांचीबी, परत."

"कशाला? गावभर हुईल."

"झालंच हाय की."

सकाळी ती दोघांना घेऊन लॅबमध्ये गेली. नणंदही मागोमाग आली. रूपालीने आधी स्वतःचं बोट पुढे केलं. तिचा गट बी निघाला. करिष्माचा पुन्हा ओच. प्रियदर्शनीने नजर खाली वळवली.

बुद्धप्रियचे दोन्ही हात खिशात होते. "माझं कशाला? एबी हाय, सगळ्या गावाला ठावं हाय. चला घरी."

रूपालीला वाटलं, आपली उरलीसुरली अब्रू तरी वाचावी म्हणून हा माणूस नको म्हणतोय. क्षणभर तिला त्याची दया आली. तिने स्वतःच त्याचा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. तळहात घामाने भिजला होता.

"निघंल ते निघंल," ती हळू आवाजात म्हणाली. "मी भीत न्हाय. तुम्ही का भिताय?"

लॅबवाल्याने सुईचं पाकीट फोडलं. बुद्धप्रिय मटकन बाकावर बसला. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"नको, रूपा. मला सुई बघवत न्हाय. आजपतुर मी एकदाबी रक्त दिलेलं न्हाय. पडद्याआड माझ्या नावावर दरवर्षी सत्याप्पा द्यायचा. माझा गट कुठला, ते मलाच ठावं न्हाय."