उजवी बाजू वर

सकाळी सहाला गिसुके तोयोकुरा गेले. किमोनोतल्या ओसाकाला तयार विलायती कपड्यांची चटक लावणारे ते दुकानदार. शेवटची इच्छा एकच होती: मला आपल्या दुकानातलाच कोट घालून न्या.

दहाला सगळा बाजार अंत्यदर्शनाला यायचा होता. मुलगा एइजिरो याने वडिलांना कोट चढवला, बटणं लावली, तोच आईने त्याचा हात धरला.

“किमोनो असो की कोट, जिवंत माणसाची डावी बाजू वर, मेलेल्याची उजवी. हे आता मी शिकवायचं तुला? असाच पाठवलास तर उद्या परत येतील, दुकान उघडायला.”

“आई, काजं डावीकडे आहेत. उजवी बाजू वर घेतली तर बटणं लागणार कुठे? कोट उघडा राहील.”

“म्हणजे ह्यांनी गावभर लोकांना कोट घातले आणि घरचा धनी उघड्या छातीने जाणार? लोकांसमोर?”

किमोनोचं नाव काढायची एइजिरोची हिंमत नव्हती. वडिलांचा शब्द मोडला असता. तो खाली दुकानात गेला आणि एकेक कोट उलटूनपालटून पाहू लागला. सगळे डावी बाजू वर येणारे. साडेनऊ वाजता कोपऱ्यातल्या खुंटीवर हवा तसा एक कोट सापडला.



तो बायकांचा होता. ‘ही तर मढ्याची घडी’ म्हणत तीन वर्षांत ओसाकातल्या एकाही बाईने तो अंगाला लावला नव्हता, आणि पावणेदहा वाजता तो गिसुकेंना कमरेत जरासा घट्ट होत होता.