बारावं चित्र

भय्याजींनी फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. दहा वाजता गुंजनबाईंची गाडी नागपूरहून आसगावला पोचणार होती. प्रदर्शनासाठी त्या भय्याजींची बारा चित्रं नेणार होत्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, प्रत्येक चित्राला एक नाव.

टेबलावर बारा चिठ्ठ्या होत्या. अकरा कोऱ्या. बाराव्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शून्य'.

ड्रॉइंग मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं भय्याजी रोज सकाळी मागच्या खोलीत डोळे मिटून बसत. श्वास येतो, श्वास जातो, एवढंच पाहत. तासाभराने उठत आणि मनात जे उरलं असेल ते रंगवत. माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग. ते आतल्या शांततेतून येतात, असं त्यांना वाटे. पण दोन दिवसांपासून शंका आली होती. आत काहीच नसेल तर? नऊ वर्षं नुसते रंगच नासवले असतील तर? बाईंना येऊ नका म्हणून सांगावं, हेच बरं.

"जुनी लुगडी आणली जी, चित्रं गुंडाळाले." सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. नऊ वर्षांत त्यांनी या मागच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. नवरा ध्यानाला बसला की त्या बांगड्यासुद्धा कोपरापर्यंत वर सारून काम करत. वाजू नयेत म्हणून.

"ये आत. पण पाठवाची नाई म्हणून राहिलो मी. काय आहे त्यायच्यात?"

सुलोचनाबाई पहिल्या चित्रापाशी थांबल्या. तळापासून वर चढत गेलेला धुरकट सोनेरी रंग. त्या खुदकन हसल्या.

"हे त धान उकडलं त्या दिवसाचं होय!"

भय्याजींनी चित्र उलटून मागची तारीख पाहिली. जानेवारी. अंगणात चुलीवर पातेल्यासारखं मोठं गंज चढवून त्या दर जानेवारीत धान उकडायच्या.

"अन् हे जवसाची चटणी. अर्धं जवस करपलं होतं. पाहा, करपलेलं बी काढलं तुमी!" त्यांनी काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "अन् ह्या नारंगी गिरक्या? डिंपल झाल्याचा फोन आला, तवा मी अंगणात नाचली होती. नात झाली म्हणून."

"तू नाचली? मले त काही आयकू नाई आलं."

"आलं असन. नाई त काढलं कसं?"

भय्याजींनी पुन्हा तारीख पाहिली. नातीच्या जन्माचा दिवस. त्यांनी घाईने पेन्सिल शोधली. सुलोचनाबाई पुढे सरकत होत्या. शेजारच्या भोजराजनं तळ्यातून आणलेले झिंगे, मोहफुलं वाळत घातलेली सकाळ, गाय व्याली तो दिवस. त्या बोलत होत्या आणि ते चिठ्ठ्या भरत होते. हसू आवरत नव्हतं.

"'करपलेलं जवस' काहून लिवून राहिले? नागपूरच्या लोकायले मालूम होईन ना!"

"होऊ दे."

अकरा चिठ्ठ्या भरल्या. शेवटचं चित्र भय्याजींनी स्वतःच समोर धरलं. पांढऱ्यावर पांढरा, कुठे कुठे किंचित राखाडी. त्या सकाळी घरात इतकी शांतता होती, की तशी त्यांनी पूर्वी कधी अनुभवली नव्हती. साधना फळाला आली असं तेव्हा वाटलं होतं. गुंजनबाई हेच चित्र मधोमध लावणार होत्या.

"याच्यात तुले काई नाई दिसाचं," ते जरा अभिमानाने म्हणाले. "हे माह्या एकट्याचं आहे."

सुलोचनाबाई चित्राजवळ वाकल्या. मग त्यांनी चित्र उलटं करून तारीख वाचली. सवयीने वर सारलेल्या बांगड्या हळूच मनगटावर घसरल्या आणि वाजल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी भावाकडं कोंढ्याले गेली होती तवाचं."

भय्याजींनी चित्र खाली ठेवलं. मग त्यांनी बारावी चिठ्ठी ओढली, 'शून्य' खोडलं आणि त्याखाली नीट अक्षरात लिहिलं, 'सुलोचना घरी नाही'.