लाडाची रोपं

आल्प्सच्या उतारावर गावावर घसरणारे दगड अडवून धरणारं पाइनचं रान दुष्काळाने वाळलं, तेव्हा थिओडुलने तिथे नवी रोपं लावली. रोज बादलीने पाणी घालायचा.

"अहो, लाड पुरे! मुळं खाली जायची कशी?" बायको आदेलिना करवादायची.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा पाय मोडला. काठी टेकत तो आदेलिनासोबत वर पोहोचला तोवर सगळी रोपं करपली होती.

"दोन बादल्या पाणी घालता आलं नाही तुला?" तो तिच्यावर चिडला.

तिने कोरड्या ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे आपोआप उगवलेली, कधी पाणी न घातलेली रोपं हिरवीगार होती.

तो काठी टाकून खाली बसला. "म्हणजे मीच मारली?"

"तुम्ही कसले मारताय! दुष्काळाने मारली," ती खेकसली आणि आधाराला त्याच्या काखेत हात घातला. "उठा आता. उतरताना मला तुमचा खांदा लागतो."