पुढे अजून चांगली जमीन

“नेय, नेय! घशातून, आई! अजून घशातून!”

मीनलने पुन्हा घसा खरवडला. डचांना हा ‘ख’ कसा जमतो, देव जाणे! लेक संहिता मास्तरीण झाली होती आणि पुण्यातला चांगला चालता दवाखाना बंद करून नवऱ्यामागे हॉलंडला आलेली दातांची डॉक्टर झूटरमेरच्या घरातल्या सोफ्यावर लहान मुलांचं डच पुस्तक वाचत होती. पुढच्या महिन्यात डचची परीक्षा. ती पास झाली की इथे पुन्हा दवाखान्यात उभं राहायची वाट मोकळी होणार होती. मीनलचे हात त्यासाठी नुसते शिवशिवत होते.

पुस्तक जुन्या अमेरिकेचं. ताडपत्री घातलेल्या गाडीतून एक कुटुंब रानोमाळ पश्चिमेला निघालेलं. जरा कुठे चूल मांडून होते न होते तोच बाप म्हणायचा, पुढे अजून चांगली जमीन आहे. की निघाले!

तेवढ्यात अंबरीश ऑफिसातून आला, तो बूटही न काढता थेट आत.

“टेक्सास! जानेवारीत! क्लायंटने नाव घेऊन मागितलंय मला!”

संहिताने टुणकन उडी मारून बाबाला मिठी मारली. “काउबॉइज? रिअली?”

“अगदी तिथेच!”

“आणि मी?” मीनलने विचारलं. “तिकडे तुझ्या व्हिसावर मला काम करता येत नाही, अंबरीश.”

“अगं, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न! इथे तरी कुठे सुरू झालंय तुझं? मस्त आराम कर. या डचच्या कटकटीतूनही सुटलीस!”

आपण बायकोवर उपकारच केलेत असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. मीनलला त्याचाच जास्त संताप आला.

“हो म्हणून सांगितलंस?”

“सकाळीच. असा चान्स परत येतो का? त्यात विचारायचं काय!”

मीनलला खूप बोलायचं होतं. सगळं ओठांपर्यंत आलं आणि डोळ्यांतून बाहेर पडलं. अंबरीश गडबडला. “आईला फोन करून सांगतो,” म्हणत आतल्या खोलीत सटकला.

संहिता हळूच जवळ सरकली. तिने पुस्तकाचं पान उलटून चित्र पुढे धरलं. भरलेली गाडी, हातात लगाम घेतलेला बाप, मागे दाटीवाटीने बसलेली मुलं आणि बापाशेजारी आई.

“रडू नको ना, आई. हिचं तर घर गेलं, गाय गेली, सगळंच गेलं. तरी बघ, कशी हसतेय!”

मीनलने डोळे पुसले. चित्रातल्या बाईकडे नीट निरखून पाहिलं.

“हसणारच, बाळा. ती मुलांच्या पुस्तकातली आई आहे.”