गळ्यातला पट्टा
“रंगू, मुक्या मांडवातून पोर सासरी धाडू नको,” लग्नात गायचे धवले शिकवताना आई म्हणायची. आज शेजारच्या सुकन्याच्या हळदीत धवलारीण रंगूबाईच मुकी बसली होती, मानेला पट्टा बांधून. मानकोली नाक्यावर टेम्पोने उडवल्यावर घातलेला तो पट्टा. मान सावरली, आवाजही परतला, पण भाच्याने बजावलं होतं, “मावशे, तुझा गला गेला असं कोर्टात सांगितलंय. गाताना कोनी व्हिडिओ काढला, तर भरपाई बुडाली!” आणि मांडवात तर मोबाईलच मोबाईल. आईवेगळी सुकन्या हळदभरल्या हातांनी जवळ आली, पट्टा हळूच सैल करत म्हणाली, “नको गाऊस गं मावशी. लय दुखतं का?” पांढऱ्या पट्ट्यावर पिवळी बोटं उमटली. रंगूबाईला मान वर करवेना. तिने पट्टा सोडून पोरीच्या ओंजळीत ठेवला. “न्हाय गं बाय, दुखत न्हाय. गला कवाच बरा झालाय.”